भातावर लिहिलेलं नाव

“तुमच्या मुलाचं अपेंडिक्स फुटलंय,” सर्जन म्हणाले, आणि ते दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं वाटून मी मागे वळून पाहिलं. स्ट्रेचरवरून आत नेलेल्या माझ्या लेकराच्या कानात डूल होते. आपण मुलगा नाही, मुलगी आहोत, असं तिने आम्हाला वर्षभरापूर्वी सांगितलं होतं. शब्द कळले होते. पुढचं काहीच कळलं नव्हतं.

आधी आजाराचं सांगते, तुमच्या घरी कुणाला झालं तर उपयोगी पडेल. दुखणं बेंबीपाशी सुरू झालं, मग उजवीकडे खाली सरकलं. ताप आला, उलट्या झाल्या. आम्ही अमेरिकेत; आमचं घर ईडन प्रेरी या उपनगरात, ती मिनिआपोलिस शहरात एकटी राहायची. तिथल्या एका क्लिनिकमध्ये गेली. डॉक्टरांनी तिच्या कपड्यांबद्दल विचारलं, केसांबद्दल विचारलं, पोटाला मात्र हात लावला नाही. ॲसिडिटीचं औषध देऊन परत पाठवलं. पोट दुखतंय म्हणणाऱ्याचं पोट बघावं, एवढं तर आमच्या गावचा कंपाउंडरसुद्धा जाणतो!

मग झालं पेरिटोनायटिस. म्हणजे फुटलेल्या अपेंडिक्समधली घाण पोटभर पसरते आणि आतल्या अस्तराला सूज येते. ऑपरेशन करून पोट धुतलं. पू बाहेर यावा म्हणून एक नळी ठेवली, तिला ड्रेन म्हणतात. शिवाय शिरेतून अँटिबायोटिक.

“इन्फेक्शन रक्तात गेलं तर सेप्सिस होईल,” सर्जननी बजावलं. “जिवावर बेतेल. औषध पूर्ण होईपर्यंत इथून हलायचं नाही.”

आणि तिने नेमकं हलायचंच ठरवलं.

तिला पुरुषांच्या खोलीत ठेवलं होतं. शेजारचे आजोबा दिवसभर मधला पडदा ओढून घेत. नर्स तिला जुन्या नावाने हाक मारी, तीही खणखणीत आवाजात. ते नाव मी इथे लिहीत नाही. खायची परवानगी मिळाली तर ट्रे दाराबाहेर जमिनीवर. ऐंशीचं दशक होतं, एड्सच्या भीतीने माणसं बावचळली होती. हिला तो आजार आहे असं कुणी म्हणालं नव्हतं, तपासलंही नव्हतं. दिसण्यावरूनच ठरवून टाकलं.

“आय ॲम गोइंग होम, आई,” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. अंगात ताप होता, नळी तशीच होती.

मी घाबरून वेटिंग रूममध्ये आले. आमचे हे तिथे खुर्चीत बसून होते. मोठमोठ्या पुलांची गणितं करणारा हा माणूस, पण त्यांचंही डोकं चालेना.

“तिला त्या नावाने हाक मारू नका म्हणून नर्सला सांगू का हो?” मी विचारलं.

“अगं, पण जन्माचं नाव असं टाकून देता येतं का कुणाला?”

मला हसूच आलं, आणि लगेच रडूही.

“माझं नाही का तुम्ही टाकलंत? एका मिनिटात?”

माहेरची मी कुमुद. लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने ‘शैलजा’ लिहिलं, आणि मांडवातल्या सगळ्यांनी ते तिथल्या तिथे मान्य केलं. पुरावा कुणी मागितला नाही. मलाही कुणी विचारलं नाही. एकटा साताऱ्याचा माझा भाऊ तेवढा फोनवर अजून ‘कुमुद’ म्हणून ओरडतो.

मी परत गेले, दाराबाहेरचा ट्रे उचलला. त्यात मऊ भात होता. कॉटवर बसून मी तो चमच्याने सपाट केला आणि बोटातली अंगठी काढली.

“काय लिहू?”

“आई, दॅट्स माय लंच!”

“सांग लवकर, गार होतोय.”

ती कुशीवरून माझ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, “कुमुद.”

मी चमचा खाली ठेवला.

“यू वेअर नॉट यूझिंग इट,” ती म्हणाली.

मी लिहिलं. ‘मु’ भलताच मोठा झाला. तेवढ्यात सर्जन राउंडला आले. ते तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, “डॉक्टर, ही माझी मुलगी. कुमुद.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं. मग तिच्या पोटावर हात ठेवून विचारलं, “कुमुद, इथे दुखतंय का?”

ती राहिली. मनगटावरच्या पट्टीवरचं नाव बदलायला नियम आडवा आला, तेव्हा नर्सने कॉटच्या डोक्याशी चिकटपट्टी लावून त्यावर नवं नाव लिहिलं. सर्जननी वेगळी खोली मिळवून दिली. ताप उतरला, नळी निघाली. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

मला सगळं कळलंय असं समजू नका. अजूनही गोंधळते, जुनं नाव ओठांवर येतं आणि मी ते गिळते. तुमच्यावर अशी वेळ आली तर सगळं कळायची वाट बघू नका, तोवर तापाने माणूस हातचं जाईल.

परवा भावाचा फोन आला. “कुमुद आहे का?” त्याने ओरडून विचारलं.

मी म्हटलं, “कोणती हवीय?”