पुलावरची अंबाडी

रूळ उखडले म्हणून पूलही भंगारात घालायचा का? कुकटपल्लीतल्या आमच्या वस्तीला नाला ओलांडायला तेवढीच वाट आहे. कारखान्याची मालगाडी बंद होऊन जमाना झाला, तरी शेजारच्या मावशी दोन्हीकडे बघूनच पुलावर पाय ठेवतात. हसलं की म्हणतात, "हौ, आली तर?"

काल ठेकेदाराची माणसं पूल कापायला गॅसकटर घेऊन आली. मावशी अंबाडीच्या जुड्या घेऊन पुलाच्या मधोमध बसल्या. "भाजी साफ हुई की उठती मैं. तुम बैठो ना." कटरवाला वैतागून मदतीला बसला, तर त्यानं निवडलेली पानं त्यांनी पुन्हा निवडली. अंधार पडला, माणसं परत गेली. मी नुसता बघत राहिलो.

आज ती माणसं पुन्हा येणार आहेत. मावशींशेजारी जागा आहे. निवडायची भाजी घेऊन या.