अननस कापायचं यंत्र

सुनेनं ती पेटी ओट्यावर ठेवली तेव्हा मी आधी तिची चिकटपट्टी पाहिली. एकावर एक दोन पट्ट्या होत्या. खालची फाटलेली, वरची नवी. कोरी वस्तू अशी येत नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"अननस कापायचं यंत्र, आत्याबाई. वरचा शेंडा उडवायचा, हे वर टेकवायचं आणि दाबून फिरवायचं. सगळ्या चकत्या एकदम बाहेर येतात. आतला दांडा सालीतच उभा राहतो."

"आणि डोळे?"

"तेही सालीला चिकटून राहतात."

"म्हणजे सालीबरोबर निम्मा अननसही जातो."

"निम्मा नाही हो. थोडा जातो."

यंत्र म्हणजे पोलादाची एक नळी, तिच्या तळाशी दाते असलेलं गोल पातं आणि वर पांढरी प्लॅस्टिकची मूठ. मूठ दाबली की सुटते, पुन्हा खटकन बसते. ते मी दोनदा करून पाहिलं आणि पेटीत परत ठेवलं.

ते आमच्या घरी का आलं हे मला ठाऊक होतं. महिन्यातून एका शनिवारी आमच्याकडे विठ्ठलाचं भजन असतं. कुंभकोणमात आपली मराठी बोली बोलणारी जी घरं उरली आहेत त्यांतली दहाबारा माणसं येतात. नैवेद्याला अननसाचा शिरा असतो. त्याला इथं केसरी म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ती मीच करत आले. बाकीचा स्वयंपाक सुनेनं कधीच घेतला, बाजार मुलगा करतो, देवळात जायचं तर रिक्षा लागते. माझ्याकडं राहिलेलं हे एकच काम.

मागच्या महिन्यात विळीवर अंगठा कापला. फार नाही, पण रक्ताचा थेंब चिरलेल्या फोडींवर पडला. देवाला ते चालत नाही. सगळं ताट टाकून दिलं आणि भजन केळी आणि साखरेवर झालं. आमच्या गल्लीतली मामी सगळ्यांदेखत म्हणाली, "हात थरथरतात हो आता." खरं तर थरथरतात. पण ते तिनं सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी मुलगा म्हणाला, "अम्मा, पुढच्या वेळी असं काही झालं तर साक्कोट्टै गावच्या स्वयंपाक्याला सांगू. तो सगळं आणून देतो."

आणि त्यानंतर तीन आठवड्यांत हे यंत्र. मी काय समजायचं? आधी विळी काढून घ्यायची, मग कढई.

पण शनिवारपर्यंत विचार करून मी ठरवलं की यंत्र वापरायचं. अडून बसले असते तर स्वयंपाकी आला असता. यंत्राला फक्त जोर लागतो, तो अंगाच्या वजनानं देता येतो. थरथरणाऱ्या हातानं काही बिघडत नाही. म्हणजे कापणंही माझंच राहिलं असतं आणि मामीला बोलायला जागा उरली नसती.

प्रश्न त्या दोन पट्ट्यांचा होता. पेटी कोणी तरी उघडली होती. यंत्र कोणी तरी वापरून परत केलं असेल आणि दुकानदारानं ते पुन्हा चिकटवून विकलं असेल. कोणी वापरलं, कशावर वापरलं? मी नळीला नाक लावलं. साबणाचा वास आला. नवी वस्तू कोण साबणानं धुतं? असल्या वस्तूनं कापलेलं मी नैवेद्याला घेणार नव्हते.

आमच्या घरी भांडं शुद्ध करायची एकच रीत आहे. चिंचेनं घासायचं आणि उकळत्या पाण्यात ठेवायचं. माझ्या सासूनं नाचियार्कोविलहून आणलेली पितळी भांडी याच रीतीनं अजून चकचकीत आहेत. शनिवारी सकाळी सून अंघोळीला गेली तेव्हा मी यंत्र चिंचेनं घासलं, पातेल्यात उभं केलं, वर पाणी ओतलं आणि गॅस पेटवला. मग सोवळं नेसायला गेले. नऊवारी नेसायला मला आता वेळ लागतो. निऱ्या हातात राहत नाहीत.

परत आले तेव्हा घरभर जळका वास होता. पाणी आटलं होतं, यंत्र कलंडलं होतं आणि मूठ पातेल्याच्या कडेला चिकटून एका बाजूनं खाली ओघळली होती.

सून ओल्या केसांनी धावत आली. तिनं गॅस बंद केला, सांडशीनं यंत्र उचललं आणि मूठ बसवायचा प्रयत्न केला. बसली नाही.

"मुद्दाम केलंत ना?" ती म्हणाली.

"नाही."

"मग उकळायला कशाला ठेवलंत? प्लॅस्टिक आहे ते!"

"उष्टं यंत्र देवाला कसं चालेल? पेटीवर दोन पट्ट्या होत्या. मला दिसत नाही असं वाटतं का तुला?"

ती खाली पाटावर बसली आणि हसायला लागली. मला राग आला.

"ती पेटी मी उघडली होती, आत्याबाई. आधी कचेरीत नेलं होतं. आठवडाभर रोज जेवणाच्या सुट्टीत एकेक अननस कापला. सगळी कचेरी अननस खाऊन कंटाळली."

"घरी का नाही कापलास?"

"तुमच्यासमोर? सोळा वर्षं झाली लग्नाला. मी काकडी चिरायला घेतली तरी तुम्ही मागं येऊन उभ्या राहता."

हे खोटं नव्हतं. तरी मी विचारलं, "शिकून काय करणार होतीस? मला बाजूला बसवणार होतीस?"

"तुमच्या हातातून विळी काढायची होती. हो. अंगठा कापलात तेव्हा ते रक्त मीच पुसलं."

तेवढ्यात मुलगा आत आला. त्यानं पातेलं पाहिलं आणि काही न विचारता फोन काढला. "स्वयंपाक्याला विचारतो. दहापर्यंत देईल."

पण सून उठली आणि म्हणाली, "ठेवा तो फोन. होतंय सगळं." मग तिनं कोपऱ्यातली विळी ओढली आणि माझ्यासमोर मांडली. बसली मात्र स्वतः.

तिला विळीवर बसताही येत नव्हतं. पाय चुकीचा दुमडला होता. मी म्हटलं, "उजवा पाय पाटावर दाब, नाहीतर विळी उलटेल." तिनं दाबला. अननसाची साल काढली ती कुठं जाड, कुठं पातळ. डोळे तिरक्या रेषेत असतात, त्या रेषेनं खाच पाडत जायचं, हे मी तीनदा सांगितलं. ती एकेक डोळा वेगळा उकरत होती. तासभर लागला. रवा मी भाजला, पाक मी केला, फोडी मी शिजवल्या. देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही, त्यामुळं कशी झाली ते कोणालाच माहीत नव्हतं.

आरती झाली. प्रसाद वाटला. मामीनं दुसऱ्याच घासाला तोंडातून काही तरी बोटावर काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. काळा, टोचरा डोळा.

"डोळे राहिलेत हो," ती म्हणाली आणि माझ्या हातांकडं बघायला लागली. बाकीचेही बघायला लागले. मुलगा दारात उभा होता, तोही.

मी म्हणू शकले असते की कापलं सुनेनं. मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "अननस मी कापला, मामी. विळीवर पहिल्यांदाच. केसरी आत्याबाईंनी केली, तीत काही राहिलंय का सांगा."

"केसरीला काय झालंय? छानच आहे," मामी म्हणाली. "बरं झालं, कापणं तरी सुनेच्या हातात आलं."

मुलानं पुन्हा स्वयंपाक्याचं नाव काढलं नाही. लोक गेल्यावर सून भांडी घासत होती आणि मी ताटं पुसत होते. मला एक गोष्ट उलगडत नव्हती. तिच्या त्या एका वाक्यानं माझी लाज राखली आणि त्याच वाक्यानं दहाबारा माणसांसमोर विळी तिच्याकडं गेली. यातलं तिला कोणतं हवं होतं? मी सरळ विचारलं.

"दोन्ही," ती म्हणाली आणि पुढचं ताट माझ्या हातात दिलं.

यंत्राला नवी मूठ मिळते म्हणे, पण अजून कोणी आणलेली नाही. पुढच्या महिन्यात ती पुन्हा विळीवर बसली. साल जाड काढते. मी मागं उभी राहत नाही, समोर बसते. तिथून जास्त दिसतं.