दवाखान्यासमोरची चाल

आमच्या जॅझ अल्बमच्या सात धुना रेकॉर्ड झाल्या होत्या, एक उरली होती. डबल बास हे मोठं तंतुवाद्य वाजवणारी मुलगी संध्याकाळच्या गाडीने बंगळूरला नव्या नोकरीवर निघणार होती. त्या दुपारी आठवी धून झाली नाही, तर अल्बम तसाच राहणार होता.

पुरानी बस्तीतल्या एका घराच्या वरच्या खोलीत स्टुडिओ होता. पियानो, बास आणि ड्रमवर मी, तिघं एकत्रच वाजवत होतो. धून संथ होती, मीच रचलेली. तरी चार वेळा बिघडली ती माझ्यामुळेच.

"भैया, मेरा बास दब रहा है," ती म्हणाली. घरात मराठी ऐकत वाढलेली, पण बोलायची हिंदीच.

मी हात आवरला की लय घसरायची, लय धरली की आवाज चढायचा. शाळेत असल्यापासून मी बाबांच्या धुमाल पार्टीत वरातीपुढे ढोल वाजवला. त्याच वाजवण्याच्या पैशांवर बाबांनी मला शिकवलं, घरातला पहिला पदवीधर केलं. तिथे हळू वाजवायला कुणी बोलावत नाही.

बाबा बीरगांवच्या कारखान्यातली पाळी संपवून आमचा डबा घेऊन आले होते. काचेपलीकडून ऐकत होते. शेवटी दार उघडून म्हणाले, "काहून एवढा बडवून राहिला बे? इथं कोनाची वरात हाये?"

"हळू वाजवलं की लय सुटते, बाबा."

"मंग दवाखान्यासमोरून कसा जातो?"

दवाखाना आला की धुमाल थांबत नाही. थांबली तर नाचणारे तिथेच रेंगाळतात. बाबा तळहात खाली धरतात. आम्ही काठ्या काखेत घालून नुसत्या बोटांनी वाजवतो आणि चालत राहतो. लय पायांत असते. इथे मी स्टुलावर बसून पायांना विसरलो होतो.

मी काठ्या बाजूला ठेवल्या. डावा पाय पेडलवर चालल्यासारखा टाकत राहिलो आणि वर फक्त बोटं. बासचा एकेक स्वर स्पष्ट येऊ लागला. काचेपलीकडे बाबांचा तळहात खालीच होता. शेवटच्या फेरीला त्यांनी तो वर केला, दवाखाना मागे पडल्यासारखा. मी काठ्या उचलल्या. बास तरी ऐकू येतच होता.

"भैया, यही रख लो," ती म्हणाली आणि बासला खोळ घालू लागली.

बाबांनी डबा उघडला. "आधी जेवून घ्या रे. पोट्टीची गाडी सुटन."