कर्नलसाहेबांचं पाचवं पदक

अमिरातीतल्या फुजैराच्या समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं सकाळच्या धुरकट उजेडात पाहिली की मला त्या पदकाचा तपास आठवतो.

महाराष्ट्र पोलिसांतून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर मी इथे एका तेलसाठा कंपनीचा सुरक्षा अधिकारी झालो. माझ्या आयुष्यातला शेवटचा तपास मी इथे, अंगावर खाकी नसताना केला.

कंपनीच्या एका व्हिलात एक ब्रिटिश कर्नल राहत होते. नव्वदीकडे झुकलेले, लष्कराच्या इंजिनिअर दलातले. तरुणपणी त्यांनी इथल्या डोंगरांत सुरुंग लावून रस्ता काढला होता. निवृत्तीनंतर कंपनीचे सल्लागार म्हणून परत आले आणि इथलेच झाले. रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसून ते डोंगरांकडे पाहत. डोंगर आधी तांबूस, मग जांभळे होत, शेवटी आभाळात विरून जात. कुणीतरी तिकडून चालत येणार आहे, अशा नजरेने ते पाहत असत.

एका दुपारी ते खुर्चीतच गेले. इंग्लंडहून मुलगा आला. त्याने पदकांची पेटी उघडली, तर एका पट्टीवर शिवलेल्या पाच पदकांपैकी चारच होती. नेमकं शौर्यपदक नव्हतं. रस्त्याच्या कामावर दरड कोसळली तेव्हा कर्नलनी जिवावर उदार होऊन सहा मजुरांना बाहेर काढलं, त्याबद्दल मिळालेलं.

मुलगा म्हणाला, "उद्या सकाळी मी पोलिसांत जाणार."

संशय एकाच व्यक्तीवर होता. कर्नलची देखभाल करणारी नर्स. मराठी मुलगी, इथल्याच अल ऐन शहरात वाढलेली, दोन वर्षं त्यांच्याजवळ. कंपनीच्या मॅनेजरने मला एक दिवस दिला.

मी सवयीप्रमाणे आधी वस्तू पाहिली. चोर पट्टी ओढतो, कापड फाडतो. इथे टाके एकेक करून बारीक कात्रीने कापले होते आणि उरलेली फीत नीट दुमडून ठेवली होती. मी मुलीला ऑफिसात बोलावलं.

"टाके तू कापलेस?"

"हो, काका."

"पदक कुठे आहे?"

"ते नाही सांगू शकत. मी प्रॉमिस केलंय."

"कोणाला?"

तिने मान हलवून नकार दिला.

"पोलिस केस झाली तर तुझं लायसन्स जाईल, व्हिसा जाईल. कळतंय ना?"

"कळतंय. पण खलास काका, बस झालं, मी नाही बोलणार."

तेच प्रश्न मी उलटसुलट करून तीनदा विचारले. खोटं बोलणाऱ्याचे हात स्वस्थ राहत नाहीत, हा माझा अनुभव. तिचे हात मांडीवर शांत होते. तरीही मी वहीत लिहिलं, 'संशयित गप्प. आज ना उद्या कबूल होईल.'

बाहेर आलो तर कंपनीचा पठाण ड्रायव्हर माझी वाट पाहत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "साहब, बच्ची को मत सताओ. पिछले महीने कर्नलसाहब कोट पहनके पहाड़ गए थे. मैं ही लेके गया था."

"लगेच चल," मी म्हटलं.

तासाभराचा रस्ता. वादीतून, म्हणजे कोरड्या नदीपात्रातून, गाडी वर चढू लागली तसा मागचा समुद्र पुसट होत गेला. डोंगराच्या कुशीत खजुराची दहाबारा झाडं, एक घर आणि दारात चटईवर बसलेला वृद्ध अरब. तिथल्या जुन्या लोकांना येते तशी हिंदी त्याला येत होती. मी पदकाचं नाव काढताच त्याने आतून अत्तराची लाकडी पेटी आणली. पदक तिच्यात होतं. कडेवर कर्नलचं नाव कोरलेलं.

त्याने सांगितलं ते असं. दरड कोसळली तेव्हा कर्नल बाहेरच थिजून उभे होते. आत शिरला तो या म्हाताऱ्याचा थोरला भाऊ. त्याने सहाजणांना बाहेर ढकललं आणि सातव्यासाठी गेला तो परत आलाच नाही. अहवाल वरच्यांनी लिहिला. तेव्हा तरुण असलेल्या कर्नलनी त्यावर सही केली.

"इतनी उमर में आया, मेरा हाथ पकड़ के रोया," म्हातारा म्हणाला. "मैंने ये माँगा नहीं था. ले जाओ."

मी ते घेतलं नाही. संध्याकाळी मुलाला घेऊन परत त्याच घरी गेलो. म्हाताऱ्याने सारं पुन्हा सांगितलं, मी ते इंग्रजीत करून दिलं. मुलाने पदक तळहातावर घेऊन कडेवरचं वडिलांचं नाव वाचलं. वाऱ्याने खजुराची पानं हलत होती. मग त्याने विचारलं, "तुमच्या भावाचं नाव काय होतं?" म्हाताऱ्याने सांगितलं. मुलाने ते दोनदा म्हणून पाहिलं, पदक पेटीत ठेवलं आणि पेटी म्हाताऱ्याच्या हातात दिली. या वेळी त्याने ती परत केली नाही.

तक्रार झाली नाही. मला वाटलं, मुलीला आनंद होईल. ती मात्र रडायला लागली.

"काका, तुम्ही त्यांना का सांगितलंत? सर म्हणाले होते, माझा मुलगा त्या गोष्टीवर मोठा झालाय, त्याला कळू देऊ नकोस. म्हणून तर मी बोलले नाही."

"अगं, तुझी नोकरी गेली असती."

"गेली असती. दुसरी मिळाली असती."

तिला वाचवलं हे खरं, पण तिने जिवापाड जपलेला शब्द मी मोडला.

तेहतीस वर्षं मी माणसांना बोलतं केलं. गप्प बसणारा गुन्हेगारच, असं धरून चाललो, आणि बहुतेक वेळा बरोबरही ठरलो. बहुतेक वेळा. आता दुपारी डोळा लागतो तेव्हा माझ्या टेबलासमोर बसलेले काही चेहरे दिसतात. ओठ घट्ट मिटलेले. ते कोणाला जपत होते, हे मी तेव्हा एकदाही विचारलं नाही.