नाद लांबला तो दिवस

श्रावणातल्या एका मंगळवारी बँकेत ऐन गर्दीत माझ्यासाठी फोन आला. आमच्या शेजारच्या जुबेदाभाभी होत्या. माहेर उरणकडचं, एरवी फोनवरही भांडल्यासारख्या बोलणाऱ्या. त्या दिवशी मात्र आवाज अगदी खाली. "सुमनताई गेल्या. गावाला, भावाच्या घरी… सकाळी उठल्याच नाय." मी रिसीव्हर ठेवला आणि समोरच्या गृहस्थांना दुसऱ्या काउंटरवर जायला सांगितलं. ते चिडले. मला रडू येत नव्हतं आणि काम तर होतच नव्हतं.

सुमनताई निकम मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमान मार्केटात माथाडी कामगार, आणि ताई एका निसर्गोपचार केंद्रात स्वयंपाकाला. तिथल्या पाहुण्यांना शिकवत ते बघून बघून त्या योग शिकल्या आणि कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांना शिकवू लागल्या. शीर्षासन वगैरे काही नाही. पाठीखाली लोड घ्यायचा, नाहीतर पाय भिंतीला लावायचे आणि नुसतं पडायचं! लोडही घरचेच, मार्केटातल्या रिकाम्या गोण्यांत तूस भरून शिवलेले. हे वर्षभर नव्हे, फक्त ऋतू पालटताना आठेक दिवस. "पाव्हणा यायचा म्हणलं की आपण घर आवरतो का न्हाई? मग नवा ऋतू येताना अंगालाबी जरा निवांत करावं," असं त्या म्हणत. कोपऱ्यातल्या हुकाला त्यांच्या रुखवतातलं काशाचं ताट टांगलेलं असे. काठीला फडकं गुंडाळून त्या त्यावर एक ठोका देत. नाद पुरता विरेपर्यंत हलायचं नाही, विरला की पुढचा ठोका, पाच ठोके झाले की कूस बदलायची. पहिल्या दिवशी मी गेले ती टिंगल करायला. दुसऱ्या दिवशी स्वतःची चादर घेऊन गेले.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी, थंडी सरताना, ताईंनी मला जिन्यात थांबवलं. "तुला म्हणून सांगते. मला ऐकू येईना झालंय. ठोका कळतो, पण नाद कधी विरला ते न्हाई कळत." ताटाला बोट लावून बघावं तर नाद तिथेच मरतो. "बहिरी बाई नाद देतीय म्हणल्यावर कोण येईल गं? ह्यो हॉल सुटला तर मी काय करू?" केंद्रात त्यांना सगळे 'ए बाई' म्हणून हाक मारत. 'ताई' त्या फक्त या हॉलमध्ये होत्या, हे मला माहीत होतं. मग आमचं ठरलं. मी पहिल्या रांगेत त्यांच्यासमोर पडायचं आणि नाद विरला की बोट उचलायचं. हे गुपित मी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा जरा तोराही होता.

आणि एका आश्विनात, शरद ऋतूच्या त्या आठ दिवसांत, मी झोपले. बँकेत सहामाहीच्या क्लोजिंगने जीव मेटाकुटीला आला होता. जाग आली तेव्हा ताई काठी धरून तशाच उभ्या, नजर माझ्या बोटावर. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं उलटून गेली होती. मी घाईघाईने बोट उचललं, ताईंनी पुढचा ठोका दिला. सगळं आटोपल्यावर त्या अगदी खुशीत माझ्याजवळ आल्या. "आज ताट काय वाजलं गं! एवढा नाद कधी लांबला न्हवता." मी मान हलवली… दुसरं काय करणार होते? ती हलवलेली मान मला आजही टोचते.

यंदाचा आश्विन लागला तेव्हा आम्ही सगळ्या हॉलमध्ये जमलो. निकमभाऊ स्वतः येऊन ताट टांगून गेले होते. ठोका द्यायला कुणी पुढे होईना. मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. मी सगळं सांगून टाकलं, ताईंचे कान, माझं बोट, माझी झोपसुद्धा. सांगताना मला रडू फुटलं. पण कुणी दचकलं नाही.

जुबेदाभाभी गोणीवरची धूळ झटकत म्हणाल्या, "आमाला ठाऊक होतं की. मागून हाक मारली तर वळायच्या पण नाय त्या."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग त्या दिवशी…"

"त्या दिवशी तुमी मस्त घोरत होतात. आमी सगळ्या जाग्या. पण एक जरी उठली असती ना, तर ताईंना कळलं असतं, नाद कवाच संपलाय. मग राहिलो पडून. माझ्या तर पायाला मुंग्या आल्या होत्या."

मी डोळे पुसले आणि लोड पाठीखाली घेतला. एकेक करत सगळ्याच आडव्या झाल्या. ठोका कुणी दिलाच नाही. तरी कितीतरी वेळ कुणी हललं नाही.