पाडव्याचं फ्रूट सॅलड

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला नाही, मुरबाडला बहिणीला नाही. देवापुढे हात जोडून बसले तेव्हाही — खरं सांगते — एवढी एक गाळूनच बाकीचं बोलले. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

तशी गोष्ट एका पातेल्यातल्या फ्रूट सॅलडची आहे. तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत आले.

आमचं घर शहापूरपासून आत, तानशाच्या रस्त्याला. भाताची शेती, दोन म्हशी. घरात सासूबाई, माझा नवरा, धाकटा दीर नीलेश आणि मी. लग्न होऊन आले तेव्हा माझा बारावीचा निकाल लागायचा होता. नापास झाले ते सासरी आल्यावर कळलं. पुढे नऊ वर्षं ते स्वयंपाकघर माझं एकटीचं होतं. कुणी मला कौतुकानं काही म्हटल्याचं आठवत नाही, पण मीठ कुठल्या डब्यात आहे हे माझ्याशिवाय कुणाला सापडायचं नाही. त्यातही एक सुख असतं.

मग नीलेशनं सुमेधाशी लग्न केलं. ती कल्याणच्या एका दवाखान्यात नर्स. माहेर आमच्यापासून चार कोसांवर, बुद्धविहाराच्या मागच्या वस्तीत. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि सासूबाई दोन महिने लेकाशी बोलल्या नाहीत. नंतर घरात घेतलं — पण कसं? सुमेधा ओट्यावर बसून भाजी निवडायची, ती भाजी मी आत नेऊन शिजवायची. तिनं भरलेल्या कळशीतलं पाणी सासूबाई प्यायच्या नाहीत, आपला तांब्या वेगळा भरून ठेवायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, आमच्यात असलं काय नाय. आणि सुमेधा भाजी निवडत राहायची.

मला ती ताई म्हणायची. माझ्या अंगावरून फार जात होतं, वर्षभर मी कुणाला बोलले नव्हते. तिनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. सुट्टी काढून बाईडॉक्टरकडे घेऊन गेली, औषधं आणली, वेळा लिहून दिल्या. माझ्या मुलीचा अभ्यास घ्यायची. मग तुम्ही विचाराल, अशा बाईचा राग येतो? येतो. तिनं माझ्यासाठी जे जे केलं, त्या प्रत्येकाचा मला राग होता. मुलगी गणित अडलं की काकीकडे धावायची. नवरा कशालाही म्हणायचा, सुमेधाला विचार. मला विचारायचं ते फक्त, जेवायला काय आहे.

सासूबाईंना साखरेचा आजार. त्यांच्या बोटाला सुई टोचून साखर बघायची, पायाची जखम धुवायची, हे सुमेधा करू लागली. दीड वर्ष केलं. हळूहळू म्हातारी मऊ झाली. एक दिवस मी गोठ्यातून आत आले तर सासूबाई सुमेधाच्या हातचा चहा पीत होत्या. बशीत ओतून, सावकाश. मला बघून जरा ओशाळल्या. सुमेधा हसली. मी दुधाची बादली खाली ठेवली आणि दूध न गाळताच पुन्हा गोठ्यात गेले.

त्यानंतरचा पाडवा.

टोकावड्याचे मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ. आमच्या सगळ्या नात्यात त्यांचा शब्द शेवटचा. नीलेशचं लग्न झालं तेव्हा ते म्हणाले होते की या घरचं पाणी पिणार नाही. नीलेश दर महिन्याला जाऊन त्यांच्या पाया पडायचा. पाडव्याच्या सकाळी गुढी उभी करून होते न होते तोच त्यांचा फोन आला — जेवायला येतो, सोबत चार-पाच माणसं आहेत. सासूबाईंनी फोन ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. मामा जेवले की झालं, सगळी भावकी जेवणार. हे घरातल्या पोरालाही कळत होतं.

पण श्रीखंड पुरणार नव्हतं. आता गोडाचं आणखी काय करायचं? सुमेधा दारातूनच म्हणाली की दूध आहे, काल शहापूरच्या बाजारातून फळं आणलीत, फ्रूट सॅलड अर्ध्या तासात होईल. दारातून म्हणाली, बरं का. मी आत असले की अजून ती उंबऱ्यावर थांबूनच बोलायची. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कर गो. आज तुझ्याच हातचं होऊ दे."

इतक्या वर्षांत मला हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं.

ती आत आली. माझी विळी तिला जमेना, तिनं सुरी घेतली. दुधात कस्टर्ड पावडर कालवून उकळलं, पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवलं. चिकू, सफरचंद, केळी — सगळ्या फोडी एकसारख्या बारीक. हिरवी द्राक्षं अर्धी कापून. डाळिंब सोललं. रंग खरोखर सुंदर दिसत होते, नाही कसं म्हणू? माझी मुलगी तिथेच घुटमळत होती आणि काकीच्या हातून एकेक दाणा खात होती. शेवटी एक अननस उरला. सुमेधानं तो चिरला, फोडी केल्या आणि सुरी हातात धरून थांबली.

"ताई, अननस दुधात चालतो ना?"

माझी आई मुरबाडला सणासुदीला हेच करायची. कच्चा अननस दुधात घातला की दूध कडू होतं. घालायचाच तर आधी साखरेत शिजवून, गार करून घालायचा. मला हे मी बारा वर्षांची होते तेव्हापासून ठाऊक आहे. मी म्हटलं, "घाल की. चव येते. आत्ताच घाल म्हणजे मुरेल."

तोंडून निसटलं, असं म्हणता आलं असतं. पण मग "आत्ताच घाल" कशाला म्हटलं? पंगतीला दोन तास होते. दोन तासांत ते पुरेपूर कडू व्हावं, हे माझ्या डोक्यात स्पष्ट होतं. तिनं फोडी घातल्या, ढवळलं आणि माझ्याकडे बघून हसली. पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात मी तिला मदत केली, असं तिला वाटलं असेल.

अजून सगळं सांगितलेलं नाही मी. वाढायच्या आधी मी एकटी असताना चमचाभर चाखून बघितलं. कडू — घशापर्यंत कडू. तेव्हाही वेळ होती. पातेलं बाजूला सारून म्हणता आलं असतं, दूध नासलं, श्रीखंडच थोडं थोडं वाढू. कुणी काही म्हटलं नसतं. मी काय केलं? वाट्या काढल्या. काठोकाठ भरल्या. मामांच्या वाटीवर डाळिंबाचे दाणे जास्त घातले.

पंगत बसली. मामांनी सुमेधाला समोर उभं केलं आणि म्हणाले, तू केलंस ना, मग तूच वाढ. सासूबाईंचा चेहरा काय फुलला होता! सुमेधानं वाटी त्यांच्या ताटात ठेवली. मामांनी पहिला घास तोच घेतला, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असा. थांबले. दुसरा घास घेऊन बघितला. मग वाटी उचलून ताटाबाहेर ठेवली आणि सासूबाईंना म्हणाले, कडू हाय.

सासूबाईंनी चाखलं. त्यांचं तोंड वाकडं झालं. त्यांनी सुमेधाला विचारलं, "काय घातलंस गो यात?"

सुमेधानं तोंड उघडलं. पण बोलले मी. भाताचं भांडं हातात होतं, भात वाढता वाढता बोलले. "मी नको म्हणत होते. पण ती शिकलेली, माझं कशाला ऐकेल?"

हे ते वाक्य. अननसाचं मी स्वतःपाशी केव्हाच कबूल केलं होतं. हे नव्हतं केलं.

सुमेधानं माझ्याकडे बघितलं. ती नजर कशी होती म्हणून विचारू नका, मी फार वेळ बघू शकले नाही. मग ती मामांना म्हणाली, "चुकलं माझं, मामा."

मामांनी ताटातच हात धुतला. उठता उठता सासूबाईंना अगदी शांतपणे, जणू समजूत घालावी तसं बोलले. "सरू, हातच वेगळा असतो गो. त्यात पोरीचा दोष नाय." नीलेश अर्ध्या जेवणावरून उठला. बाकीचे जेवत राहिले. मामा जात मानत तरी होते. मला तिच्या जातीशी काही घेणंदेणं नव्हतं. जात हाताशी होती म्हणून वापरली.

आणि मला वाईट वाटलं का? त्या दिवशी? नाही. मी मागून जेवायला बसले आणि श्रीखंड-पुरी पोटभर खाल्ली.

दुपारी ती मोरीत पातेलं घासत होती. उरलेलं सगळं म्हशींच्या बादलीत ओतलं होतं. मी भांडी आणून ठेवली. ती मान वर न करता म्हणाली, "ताई, तुम्हाला माहीत होतं ना?"

"मला काय माहीत? मी कुठं शिकलेय?"

तिनं मान हलवली आणि घासत राहिली. तिनं हे नीलेशलासुद्धा सांगितलं नाही. मला कसं कळलं? तो अजून माझ्या पाया पडतो.

सासूबाईंचा तांब्या पुन्हा वेगळा झाला. सुमेधा आत यायची थांबली. आठ महिन्यांनी दोघं आसनगावला खोली घेऊन राहायला गेली. सासूबाई रडल्या, तिनं घर फोडलं म्हणाल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, जाऊ द्या आई. सुमेधाच्या मुलीच्या बारशाला आम्ही आसनगावला गेलो तर सासूबाईंनी तिथं पाणीही घेतलं नाही, उपास आहे म्हणाल्या. सुमेधानं माझ्याकडे पाहिलं. सकाळीच मी त्यांना भाकरी-भाजी वाढली होती. मी पाळण्याची दोरी हलवत राहिले.

यानंतर जे आहे ते सांगायला मला सगळ्यात जड जातं.

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या पायाची जखम चिघळली. दोन बोटं काढावी लागली. सुमेधा आमच्या ओट्यावर येऊन सांगून गेली की रोज ड्रेसिंग लागेल, नीट झालं नाही तर वर चढेल, मी आसनगावला घेऊन जाते, माझ्या नजरेसमोर राहतील. नीलेशनं रिक्षा सांगून ठेवली. सासूबाई खाटेवर बसून माझ्याकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "जाऊ का गो?"

माझ्या एका होकारावर त्या गेल्या असत्या. पाडव्याला खरं काय झालं ते सांगितलं असतं तर आनंदानं गेल्या असत्या. पण मग इतक्या वर्षांनी त्या तिच्या झाल्या असत्या ना? मी म्हटलं, "तुमचं तुमी बघा आई. तिथलं खाणं जमंल का तुम्हाला?"

त्या गेल्या नाहीत. ड्रेसिंग मी केलं, मला जमेल तसं, आठवड्यातून दोनदा, कधी एकदा. पाय गुडघ्यापर्यंत काळा झाला. सात महिन्यांनी त्या गेल्या. तिच्याकडे असत्या तर वाचल्या असत्या का, मला माहीत नाही. मी तिला विचारलेलं नाही, कारण ती खरं सांगेल.

सुमेधा पोरीला घेऊन आली. सासूबाईंना शेवटची आंघोळ घालायची वेळ झाली तेव्हा टोकावड्याच्या बायका तिला म्हणाल्या, तू भायेर थांब. मी थोरली सून होते, घर माझं होतं, माझ्यापुढे कुणी बोललं नसतं. मी पाणी विसणत होते. विसणत राहिले.

तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर नीलेश माझ्यापुढे येऊन उभा राहिला. डोळे भरलेले. सुमेधा त्याच्या शेजारीच होती, पोरीचा हात धरून. तो हात जोडून म्हणाला, "वैनी, आईचं सगळं तुमीच केलंत."

मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "घरचंच होतं."