गणित सोडणे आणि सोडवणे

वर्णन दोन शब्दांचं होतं: "नाव सोडते." ते मी लिहिलं होतं, आणि पुढचे पाच दिवस मी त्या दोन शब्दांना भीत होतो.

वालीवला आमचं लहानसं ऑफिस आहे. वेबसाइटची नावं, म्हणजे डोमेन, आम्ही लोकांसाठी नोंदवतो आणि सांभाळतो. ग्राहकांचे निरोप वाचून ही कामं करायला आम्ही एआय एजंट बसवला. त्याला टूल दिलेली असतात. एक नाव नोंदवतं, एक कुलूप काढतं म्हणजे नाव दुसऱ्या कंपनीकडे नेता येतं, एक नाव कायमचं रद्द करतं. कुठलं कधी वापरायचं, हे एजंटला फक्त वर्णनावरून कळतं. आमचे ग्राहक मराठीत लिहितात, म्हणून वर्णनंही मराठीत. ते काम माझ्याकडे आलं.

रद्द करणाऱ्या टूलपुढे मी लिहिलं, "नाव सोडते." शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी विचारलंही, "सर, एवढंच?"

"मराठी आहे. कळतं," मी म्हणालो. मला घरी लवकर जायचं होतं.

सोमवारी जवळच्या पापडी गावातून निरोप आला: "आमचे नाव तुमच्याकडून सोडवून जावयाच्या कंपनीकडे न्यायचे आहे." कुलूप हा शब्द त्यात कुठे नव्हता. एजंटने "नाव सोडते" हे टूल चालवलं.

निरोप माझ्या शाळेतल्या मराठीच्या टीचरचा होता. निवृत्तीनंतर त्या घरी लग्नाचे केक करतात. खोक्यांवर तेच नाव, ऑर्डरी त्याच नावाच्या मेलवर. दुपारी त्यांचा फोन आला.

"अरे, साइट उघडत नाही. मेलही बंद."

"एआयने घोळ घातला, टीचर. बघतो मी."

हे खोटं माझ्या तोंडून अगदी सहज निघालं.

कायमचं म्हटलं तरी रद्द झालेलं नाव पहिले काही दिवस परत मागता येतं. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो, आणि मग खोक्यावर वाचून लोक कुणा परक्यालाच ऑर्डरी पाठवणार. नावांची मुख्य नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे मी अर्ज केला. उत्तर येईना. दर थोड्या वेळाने मी नावाची नोंद उघडून बघायचो आणि उघडण्याआधी डोळे मिटायचो. जेवताना बायकोने विचारलं, "अहो, भात का सोडलात?" तर मी ताटावरून उठलोच.

तिसऱ्या दिवशी मी पापडीला गेलो. टीचर ओट्यापाशी साखरेची फुलं करत होत्या.

"काय, सुधारला का तुझा एआय?"

"त्याची चूक नव्हती, टीचर. वर्णन मी लिहिलं होतं. 'नाव सोडते' असं."

"आणि मी काय लिहिलं होतं?"

"सोडवून."

"सातवीत शिकवलं होतं तुला. गणित सोडलं म्हणजे?"

"तसंच टाकून दिलं."

"आणि सोडवलं म्हणजे?"

मी ओट्यावर सांडलेली साखर बोटाने गोळा करू लागलो.

"ते यंत्र निदान शिकेल तरी," त्या म्हणाल्या. मग हातातलं फूल खाली ठेवलं. "नाव येईल ना रे परत? खोके कालच छापून आलेत."

"माहीत नाही, टीचर."

त्यांनी एक वही माझ्यापुढे सरकवली. "इथे लिही. नीट."

मी लिहिलं: "हे टूल नाव कायमचे रद्द करते. त्या नावाची साइट आणि मेल बंद होतात. नाव दुसरीकडे न्यायचे असेल, 'सोडवून द्या' असा निरोप असेल, तर हे वापरू नये. कुलूप काढणारे टूल वापरावे. ग्राहकाला पुन्हा विचारून स्पष्ट होकार मिळाल्याशिवाय हे साधारणपणे चालवू नये."

टीचरनी लाल पेनाने 'साधारणपणे' खोडलं. "हे कशाला? घाबरतोस?"

"हो, टीचर."

पाचव्या दिवशी नाव परत आलं. ऑफिसात मी वहीतलं वर्णन त्या टूलपुढे टाकलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती. टीचरनी पुन्हा निरोप पाठवला, मुद्दाम तेच शब्द वापरून. या वेळी एजंटने कुलूप काढायचं टूल निवडलं. ते चालू झालं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. झालं की सांगा, एवढंच शेजारच्या बाईंना म्हणालो.